सळंग नथी

...आणि वरून मलाच म्हणतो, 'माजी, तमे समजो ने.' समजो ने म्हणे. अहो, मला समजून समजून डोक्यात जागा उरली नाही. तुम्हाला सांगते, ह्या कचेरीच्या ह्याच बाकड्यावर मी जून महिन्यापासून किती वेळा बसलेय त्याला हिशेब नाही, पंख्याखालची जागा कुठली, पाण्याचा नळ कुठला चालू आणि कुठला नुसता भिंतीला शोभेला लावलेला, सगळं मला पाठ, आणि तुम्ही जरा इकडं सरका, तिथं खिळा वर आलाय, माझी एक साडी गेली त्याच्यात... हां, तर मला एवढंच सांगा, नऊ आणि दोन किती? अकरा ना? तुम्ही शिकलेले दिसता, तुम्हीच सांगा. अकरा. मी तिसरी शिकलेली, माझेही अकराच होतात. आणि मागितली किती होती त्यांनी? दहा. मग अकरा दहापेक्षा जास्त की कमी? पण नाही. चार नंबरच्या टेबलावरचा तो म्हणतो, 'सळंग नथी.'

सळंग म्हणजे आपलं सलग. मध्ये न तुटलेलं. आता आमच्यासारख्यांचं काय सलग असतं हो? सरकारी आवासात पाणी सलग येत नाही, कारखान्यात काम सलग मिळत नाही, मी घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवते त्या साडीवरची वेलसुद्धा सलग नसते, शिवणीला जागा सोडावी लागते. आणि ह्यांना माणसाचं राहणं सलग पाहिजे.

पण मी आधी सांगते कुणाचं ते, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारी स्वतःचंच रडगाणं गातेय. माझं नाही, शकूचं. शकू माझी शेजारीण. आधी इथंच सुरतेत, बमरोलीला भिंतीला भिंत होती आमची, मग रस्ता रुंद झाला, घरं गेली, कोसाडला आवासात आलो तर तिथंही समोरासमोर दार. तिचा नवरा प्रमोद, इच्छापोरला ठेकेदाराकडं वेल्डर होता, आज काम तर उद्या घरी. प्रमोदचा बाप गंगाराम, मूळचे हे लोक वाशीमकडचे, म्हाताऱ्यानं तीस वर्षं पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगखात्यात काढली. कमी बोलणार. दोन शब्दांत काम होत असेल तर तिसरा वापरणार नाही, असा माणूस.

तर प्रमोदला एका एजंटानं ओमानला नेलं. सोहार म्हणून गाव आहे तिकडं समुद्राकाठी, नुसते कारखाने. हात चांगला होता त्याचा, फोरमन झाला, मग बायकोला आणि पोरीला बोलावून घेतलं. दोन हजार सोळा साल. पोरगी चैताली, तेव्हा नऊ वर्षांची, आमच्या मराठी शाळेतनं तिसरी पास झालेली. जाताना माझ्या गळ्यात पडून रडली आणि रिक्षात बसल्या बसल्या खिडकीतनं हसायला लागली. गंगाराम इथंच राहिला. तो म्हणाला, मला त्या उन्हात काय करायचं, इथलं काय कमी आहे.

सात वर्षं. चौथी ते दहावी पोरीची तिकडं झाली. आणि दोन हजार तेवीसच्या मे महिन्यात, दहावीचा निकाल चार दिवसांवर आलेला, प्रमोद यार्डात दुपारचं जेवून उठला, नळाला हात धुतला, आणि तिथंच खाली बसला तो बसलाच. चव्वेचाळीस वय. पेटी मुंबईला आली. शकू आणि पोर त्याच विमानात वर बसून आल्या, आणि तो खाली, सामानात. मुंबईहून ॲम्ब्युलन्समधनं कोसाडला उतरल्यावर शकू मला बघून पहिलं काय म्हणाली असेल? म्हणाली, 'मावशी, ह्यांचंच मन भरत नव्हतं. दरवेळी पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी.' राग होता तिच्या मनात. मेलेल्या माणसावरचा राग फार वाईट, तुम्हाला सांगते, भांडायला समोर कुणी नसतं. दोन वर्षं ती माझ्याबरोबर टिकल्या चिकटवत बसायची आणि मधूनच म्हणायची, ऐकलं असतं माझं, आलो असतो आधीच, जिवंत असते. आणि गंगाराम दारात बसलेला असायचा. सगळं ऐकायचा. मान वर करायचा नाही.

पोर मात्र हुशार. अकरावी-बारावी इथं केली, नवी शाळा, गुजराती मास्तर, तरी एकोणनव्वद टक्के. फार्मसीला नंबर लागला, चांगल्या कॉलेजात. फी ऐकली आणि आम्ही तिघी खालीच बसलो. पण सरकारची एक योजना आहे, हुशार पोरांची निम्मी फी भरतात. म्हणलं झालं, देव पावला, शकू बौद्ध आहे, ती म्हणाली देव राहू दे मावशी, फॉर्म कुठं मिळतो ते बघा. जातीचा दाखला म्हणाल तर तो वाशीमचा, तो इकडं चालत नाही, ती वेगळीच कहाणी आहे, ती सांगायला बसले तर कचेरी बंद होईल.

तर आलो आम्ही. मी, शकू, चैताली आणि गंगाराम. मला का नेलं, तर माझं गुजराती पक्कं. साड्यांच्या पिशवीत सगळे कागद. चार नंबरचा तो, तरुण पोरगा आहे, वाईट नाही, मी वाईट म्हणणार नाही, त्यानं चष्मा वर करून सगळं पाहिलं. बारमूं, म्हणजे बारावी? अहींनुं, इथली. सरस. दसमूं? शकू म्हणाली, सोहार. तो कॉम्प्युटरमध्ये शोधायला लागला. 'सोहार कया तालुकामां?' शकू म्हणाली, साहेब, ओमान. त्यानं जिल्ह्यांची यादी वर केली, खाली केली, परत वर केली आणि म्हणाला, 'बेन, आमां ओमान नथी.' म्हणलं कसं असेल, डांग आणि वलसाडच्या मध्ये कोण घालेल ते?

मग त्यानं नियम सांगितला. नीट सांगितला, दोनदा. एक तर दहावी आणि बारावी दोन्ही ह्या राज्यातली पाहिजे. नाहीतर पोरीचं आणि आईबापाचं राहणं इथं दहा वर्षं पाहिजे. तिथंच मी पुढं झाले. म्हणलं भाई, पोरगी जन्मली इथं, नऊ वर्षं राहिली इथं, परत येऊन दोन वर्षं झाली, अकरा झाली, एक वर्ष तुम्हालाच वर देतो. तो हसला नाही. म्हणाला, 'माजी, सळंग जोईए.' मी म्हणलं, मधली सात वर्षं काय ती हवेत लटकत होती? भारताचाच पासपोर्ट होता ना? तर म्हणतो पासपोर्ट देशाचा, योजना राज्याची. 'सळंग नथी.'

शकूनं मग पर्समधनं एक कार्ड काढलं, तिकडचं. मला म्हणाली, मावशी, ह्यावर काय लिहिलंय माहीत आहे? 'रेसिडेंट.' रहिवासी. जिथं आम्हाला घर घेता येत नव्हतं, म्हातारपण काढता येत नव्हतं, नोकरी सुटली की महिन्यात गाशा गुंडाळा म्हणायचे, तिथं मी रहिवासी. आणि जिथं जन्मले, लग्न झालं, पोर झाली, तिथं काय? तिथं सळंग नथी.

उठताना तो पोरगा आपला बरं वाटावं म्हणून बोलला. आपण नाही का म्हणत, थोडक्यात हुकलं, तसं. म्हणाला, 'दसमूं अहींनुं होत ने बेन, तो आजे ज थई जात.' दहावी इथली असती तर आजच काम झालं असतं. आणि गंगाराम, इतका वेळ खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता, तो वळला आणि बाहेर निघून गेला. मला वाटलं लघवीला गेला. मला काय माहीत?

आता मी गप्प बसणारी आहे का? मी म्हणलं शकू, सलग नाही तर सलग करून दाखवू. पुरावे आणू. पहिल्यांदा गेलो बमरोलीला, जुन्या घराचा काही कागद, काही खूण मिळते का बघायला. घर कसलं, रस्ता. आमच्या दोन्ही घरांच्या जागी आता दुभाजक आहे, त्यात कण्हेर लावलीय. मी साडी वर धरून त्या दुभाजकावर चढले, दोन्हीकडनं टेम्पो सुसाट, आणि म्हणलं शकू, बघ, तुझी चूल इथं होती, आणि हा खांब आहे ना, इथं तुझी चैताली चालायला शिकली. चैतालीनं मोबाईलवर फोटो काढला. तो फोटो नेऊन दाखवला तर चार नंबर काय म्हणाला? 'माजी, डिवाइडरनो फोटो नई चाले.' रेशनकार्ड? सात वर्षं धान्य उचललं नाही म्हणून नाव कापलेलं. लाईटबिल? घरमालकाच्या नावावर, आणि घरमालक जिवंत नाही, घर जिवंत नाही, मीटर तेवढं कुठंतरी फिरत असेल.

शाळा मात्र सापडली. आमची मराठी शाळा, आता दुसऱ्या शाळेत मिसळली, पण तिथल्या लीला टीचर, रिटायरमेंटला आलेल्या, त्यांनी कपाट उघडून धुळीतनं रजिस्टर काढलं, बोट फिरवत फिरवत थांबल्या आणि मोठ्यानं वाचलं, 'चैताली प्रमोद, जन्मठिकाण सुरत, आजोबांचा धंदा मिल कामगार.' आणि म्हणाल्या, ही तीच ना, पाढे म्हणताना डोळे मिटायची? पोर एकदम लहान झाली बघा, मान हलवली नुसती. तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिला म्हणालं की तू इथली आहेस. तो दाखला घेऊन आलो पळत. चार नंबरनं वाचला, दोन्ही बाजूंनी वाचला, म्हणाला एकदम खरा आहे. 'पण नऊ वर्षं तर मी मानलीच होती, माजी.' सळंग नथी.

आता इथनं पुढं जे झालं ते माझ्यामुळं झालं. मी लपवणार नाही.

बाहेर गेटापाशी योगराज बसतो, टाईप करून अर्ज देतो, खान्देशातला आहे, चोपड्याकडचा. त्याला सगळी कुंडली सांगितली. त्यानं दोन दिवसांनी मला फोन केला, 'मावशी, सापडलं. एक परिपत्रक आहे. त्यात लिहिलंय की कमावता माणूस नोकरीसाठी तात्पुरता बाहेर गेला असेल आणि परत येण्याचा त्याचा इरादा असेल, तर तो बाहेरचा काळसुद्धा सलग धरावा.' झेरॉक्स दाखवली. शिक्का, सही, सगळं. म्हणलं बघ शकू, कायद्यालाही मन असतं. शकू म्हणाली, पण इरादा कसा दाखवायचा मावशी? इरादा कुठं झेरॉक्स होतो?

योगराज म्हणाला, त्या माणसानं स्वतः साहेबांसमोर येऊन सांगायचं असतं. आम्ही दोघी त्याच्या तोंडाकडं बघायला लागलो. त्याच्या ध्यानात आलं, बिचारा ओशाळला. मग म्हणाला, माणूस नसेल तर त्याच्या बापानं सांगितलं तरी चालेल. रक्ताचं माणूस पाहिजे.

मग मी लागले गंगारामच्या मागं. तो नाहीच म्हणत होता. 'मालतीबाई, मले नको त्यात.' का नको? नातीसाठी एवढं नाही करणार? 'मी खोटं बोलत नाही.' अहो खोटं कुठं बोलायचंय, म्हणलं, साहेब विचारेल परत यायचा इरादा होता का, तुम्ही म्हणायचं होता. एक शब्द. माणूस मुलखाबाहेर जातो तो परत यायलाच जातो, त्यात खोटं काय? चार दिवस मी त्याला शिकवलं, जिन्यात, दारात, भाजी घेताना. 'इरादा होता?' 'होता.' शाबास. शेवटी चैताली म्हणाली, 'आजोबा, चला ना.' तेव्हा उठला. पांढरा सदरा घातला, धुतलेला.

मोठ्या साहेबांची खोली. साहेब भला माणूस, मी कुणालाच वाईट म्हणत नाही, तीच तर पंचाईत आहे, वाईट माणूस सापडला असता तर त्याला शिव्या देऊन मोकळी झाले असते. साहेबांनी म्हाताऱ्याला खुर्ची दिली. कागद वाचले. मृत्यूचा दाखला वाचताना थांबले, शकूकडं पाहिलं. मग विचारलं, 'काका, तमारा दीकरानो पाछा आववानो इरादो हतो?' मी मागनं हळूच म्हणलं, होता म्हणा.

गंगाराम म्हणाला, 'होता.'

तिथं थांबायचं होतं हो. एक शब्द ठरला होता. आयुष्यभर ज्यानं तिसरा शब्द वापरला नाही, तो माणूस त्या दिवशी बोलायला लागला.

म्हणाला, 'साहेब, मी पंचशील घेतलेला माणूस आहे, म्हणून पूर्ण सांगतो. बुद्धपौर्णिमेला त्याचा फोन आला होता. मेला त्याच्या आदल्या वर्षी. यार्डातून केला होता, घरून नाही. म्हणाला, बाबा, शिडी चढलो की छातीत गच्च होते. मी आता येतो. पोरीची नववी झाली, दहावी सुरतलाच करू. मी म्हणलं, काहून? दहावीचं वर्ष, नवी शाळा, पोरीचं नुकसान होईन. एक वर्ष काढ. दहावी होऊ दे, मग या सगळे. तो बरं म्हणाला.'

साहेबांचं पेन थांबलं होतं. मी शकूकडं बघायची टाळत होते.

'बरं म्हणाला,' गंगाराम परत म्हणाला. 'मले तो कधी नाही म्हणाला नाही. वर्ष काढलं त्यानं. दहावी झाली. आणि आता तुमच्या त्या बाहेरच्या टेबलावरचा पोरगा म्हणते, दहावी इथं असती तर काम आजच झालं असतं. म्हणून सांगतो, त्याचा इरादा होता साहेब. मोडला तो मी.'

साहेबांनी स्वतः उठून पाण्याचा ग्लास भरून त्याच्यापुढं ठेवला. मग खाली बसून लिहिलं, आणि वाचून दाखवलं, मयताचा परत येण्याचा इरादा सिद्ध होतो. सिद्ध होतो म्हणाले. मी मनात हात जोडले. आणि शकू... शकू समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती. दोन वर्षं तिला वाटत होतं नवऱ्यालाच यायचं नव्हतं. पैशाच्या मागं लागला होता तो. आणि तो तर येतो म्हणत होता, तिलाच माहीत नव्हतं. ज्याच्यावर राग धरला तो निर्दोष, आणि ज्याला रोज दोन वेळा ताट वाढलं तो समोर बसलेला.

साहेबांनी चार नंबरला हाक मारली, मूळ परिपत्रक आणा, क्रमांक लिहायचाय. त्यानं फाईल आणली. साहेबांनी पहिलं पान वाचलं, मान डोलावली. मग पान उलटलं.

पान उलटलं, तुम्हाला सांगते. आमच्याकडं जी झेरॉक्स होती तिला मागचं पानच नव्हतं.

मागं लिहिलं होतं, ही सवलत फक्त सरकारी नोकरीत असताना बाहेर पाठवलेल्यांना. साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून डोळे चोळले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, 'माफ करजो, काका.' चार नंबर माझ्याकडं बघून काही बोलणार होता, मी म्हणलं, नको बाबा, मला माहीत आहे काय म्हणणार आहेस.

खाली आल्यावर योगराज म्हणतो, 'मावशी, देवाशप्पथ, मला आलं तेच एका पानाचं आलं होतं.' मी त्याला काय बोलू? त्यानं टायपिंगचे पैसे परत करायला काढले, शकूनं घेतले नाहीत. ती रिक्षात पुढं ड्रायव्हरशेजारी बसली. मागं मी, पोर आणि म्हातारा.

चैतालीनं तरी एक प्रयत्न केला, स्वतः एकटी कॉलेजात जाऊन आली, फी हप्त्यानं घेता का विचारायला. तिथला खिडकीवरचा माणूस तिची दहावीची मार्कशीट बघून खूश. म्हणाला, अरे, ओमानचं दसमूं? तर मग तुला एनआरआयच्या सीटवर बसवता येईल की, आजच्या आज. फी? फी पाचपट. म्हणजे बघा, मदत मागायला गेली तर ती इथली नाही, आणि लुटायचं असलं तर परदेशातली पाहुणी. पोरीनं घरी येऊन हे सांगितलं ते हसून सांगितलं. मला तिचं ते हसणं आवडलं नाही. अठरा वर्षांच्या पोरीनं तसं हसू नये.

फार्मसी गेली. सरकारी अनुदानाच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं, तिथं कुणी काही विचारत नाही. संध्याकाळी अमरोलीला एका औषधाच्या दुकानात उभी राहते. औषधं शिकायची होती, आता औषधं विकते, असं मी म्हणाले तर मला म्हणाली, 'मावशी, निदान नावं तरी पाठ होतात.' जाऊ दे.

पण खरं ते घरात. माझं दार समोर, ते दिवसभर उघडं, मला सगळं दिसतं. शकू म्हाताऱ्याला एक शब्द टाकून बोलली नाही. ओरडली नाही, ताट आपटलं नाही. वेळेवर वाढायची, औषधाची गोळी ताटाच्या कडेला ठेवायची, आणि बोलायचं असलं की पोरीला, 'आजोबांना सांग पाणी आलंय.' आजोबा दोन हातांवर बसलेले. म्हातारा मग खाली जिन्यातच बसायला लागला. मी जाता-येता त्याला बघायची आणि मला वाटायचं, मालती, हा माणूस तीन वर्षं ते गिळून बसला होता, तसाच गिळून गेला असता, घर चालू राहिलं असतं. चार दिवस कुणी शिकवणी घेतली त्याची? मीच ना? एक शब्द, एक शब्द म्हणत बोळा काढला मी. आणि मिळालं काय त्याच्या बदल्यात? मागचं पान.

एकोणीस दिवस असं चाललं. विसाव्या दिवशी दुपारी शकू माझ्याकडं टिकल्या चिकटवत बसली होती, हाताला सगळा गोंद, आणि मधेच उठली. साडी तशीच टाकली. समोर गेली. म्हातारा जेवून भिंतीला टेकला होता. ही उभी राहिली आणि म्हणाली, 'मामाजी, आणखी काय म्हणाले होते?'

त्याला कळेना. 'कोण?'

'ते. फोनवर. त्या दिवशी.'

त्यानं पाय जवळ ओढून घेतले. मला वाटलं ह्याचं बोलणं कचेरीतच संपलं. मग म्हणाला, 'म्हणाला, शकूले सांगू नका. तिला कळलं तर ती आजच सामान बांधीन.'

शकू खाली बसली, त्याच्या समोर, चिकट हात तसेच पुढं धरून. म्हणाली, 'बांधलंच असतं.'

म्हातारा म्हणाला, 'माहीत होतं त्याले.'

एवढंच. मग तिनं हात धुतले आणि चहा ठेवला, दोन कप. माफ केलं का, ते मला विचारू नका, मी तिच्या पोटात शिरून बघितलेलं नाही. दोन कप ठेवला एवढं माझ्या दारातनं दिसलं. आताशा बोलतात. मीठ कमी झालं, गोळी घेतली का, एवढ्यापुरतं. मध्येच चार-चार दिवस नाहीसुद्धा.

मी? मी आज पोरीच्या बसच्या पासासाठी आलेय, त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो. शकू म्हणाली मावशी तुम्हीच जा, मला त्या खोलीकडं बघवत नाही. म्हणून आले. सकाळपासून बसलेय. मिळेल. नाही मिळाला तर पोर चालत जाईल, पाय आहेत तिला.

तुमचं काय काम आहे? रहिवासाचं? बाहेरगावी होता का मध्ये? हं. बरं, आणि हे तुमच्याबरोबर कोण, वडील का? मग माझं एक ऐका. तुमचा कागद होईल, नाही होणार, ते आत बसलेल्यांच्या हातात आहे, त्याचं मी काही सांगत नाही. पण ह्यांना खाली चहाच्या टपरीवर बसवून या. आणि आत विचारलंच, तर सांगा, घरी आहेत, ऐकू येत नाही.